स्वतःचं घर, पण राहायचं नाही

आज सुरुवात एका मोटार कारखान्यापासून करतो. डिसेंबर १९६३. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं साउथ बेंड शहर. तिथला स्टुडबेकरचा कारखाना बंद होणार, असं जाहीर झालं आणि पेन्शन फंडात पुरेसे पैसेच नाहीत हे उघड झालं. साठी गाठलेल्या सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळालं. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या साधारण ४,००० कामगारांना हक्काच्या रकमेच्या जेमतेम पंधरा टक्के मिळाले. बाकीच्यांना काहीच नाही. पेन्शन हे नुसतं वचन की आपली मालमत्ता, हा प्रश्न तेव्हा वर्गातून रस्त्यावर आला.

२ सप्टेंबर १९७४ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी नव्या निवृत्ती कायद्यावर सही केली. नोकरीत पेन्शन नसलेल्यांसाठी त्यात वैयक्तिक निवृत्ती खातं आलं, म्हणजे 'आयआरए'. वर्षाला जास्तीत जास्त १,५०० डॉलर. पैसे कशात गुंतवा हे कायद्याने सांगितलं नाही, कशात नको तेवढं सांगितलं. आयुर्विमा नको, १९८१ मध्ये चित्रं, जुनी नाणी यांनाही आळा बसला. घर-जमीन मात्र चालत होती, आणि ती परदेशात नको असंही कुठे म्हटलेलं नव्हतं.

मग काहींना मेक्सिकोचा समुद्र दिसू लागला. तिथे १९१७ च्या राज्यघटनेचं २७ वं कलम आडवं येतं. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला थेट मालकी नाही. त्यामुळे मेक्सिकन बँकेकडे ट्रस्ट करायचा. म्हणजे बघा, घर बँकेच्या नावावर, लाभार्थी निवृत्ती खातं, ते खातं दुसऱ्याच संस्थेच्या ताब्यात, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी आपले गृहस्थ.

आणि या गृहस्थांनी तिथे राहायचं नाही! बायकोने नाही, मुलांनी नाही, आईवडिलांनी नाही. (भाऊ भाड्याने राहिला तर चालतं. का, ते कायदा करणाऱ्यांना विचारा.) स्वतः एक रात्र झोपले, तरी त्या वर्षीच्या १ जानेवारीला अख्खं खातं काढून घेतलं असं धरून कर लागतो. श्रमातून मालकी येते, असं लॉक सांगून गेला. इथे श्रम गृहस्थांचे, पैसा त्यांचा, तोटा झाला तर तोही त्यांचाच. उपभोग तेवढा नाही.

साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण झाली की दंडाशिवाय घर खात्यातून काढून स्वतःच्या नावे करता येतं. पण साध्या खात्यात त्या दिवशीची घराची किंमत त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि कर रोख भरावा लागतो.