शरीराबाद परगण्याची अर्जदास्त

पैनगंगेच्या अलीकडे, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर हिमायतनगर म्हणून गाव आहे. नांदेड जिल्ह्यातले हे तालुक्याचे ठिकाण. जुनी माणसे त्याला अजून वाढोणा म्हणतात. हैदराबादजवळच्या हिमायतसागर तलावाला शेवटच्या निजामाच्या थोरल्या मुलाचे नाव आहे; त्याच घराण्याच्या अमलात वाढोण्याचे हिमायतनगर झाले. गावात परमेश्वराचे मंदिर आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. त्या यात्रेच्या दिवसांत एका रात्री तेथे एक भजनी मंडळी नाथांची भारुडे म्हणत होती आणि मी पाहुणा म्हणून सतरंजीच्या कडेला बसलो होतो.

विंचू झाला, जोगवा झाला. मग बुवांनी ‘अर्जदास्त’ काढली. वाचकांपैकी ज्यांनी नाथांची गाथा चाळली असेल त्यांना हे प्रकरण ठाऊक असेल. शरीर हा एक परगणा, त्याचे नाव शरीराबाद. तेथे सरकारातून नेमून गेलेला अंमलदार म्हणजे जिवाजी शेकदार, त्याच्या हाताखाली बुधाजी कारकून. ह्या दोघांनी वरिष्ठ साहेबांकडे तक्रार लिहिली आहे, की परगण्यातले वतनदार आम्हांस काम करू देत नाहीत. साहेब कोण हे सांगायला नकोच. असल्या तक्रारीच्या कागदाला फारसीत अर्जदाश्त म्हणत. मराठी जिभेने तिची अर्जदास्त केली.

बुवा विवरण करीत होते. कामाजी महाजनापाशी आले तेव्हा त्यांनी हात उंचावून सांगितले, “काम हा सावकार आहे. एकदा त्याच्या दारी गेलात की व्याजावर व्याज चढते, मुद्दल फिटत नाही!” मंडळी डोलली. मलाही दृष्टान्त आवडला. पण माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते, नव्वदीच्या घरातले, जुन्या पटवारी घराण्यातले. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “चूक आहे. महाजन सावकार नव्हे. महाजन वतनदार.”

वृद्धाचे खरे होते. शेटे आणि महाजन हे जुन्या पेठेचे जोडीचे हक्कदार. शेट्याने पेठ वसवावी, व्यापारी आणावे; महाजनाने हिशेब पाहावा; दोघांनी बाजाराच्या उत्पन्नावर आपापला हक्क खावा. महाजन म्हणजे सावकार हा अर्थ आपल्याकडे हिंदीच्या वाटेने आला, आणि पुढे सिनेमाने तो पक्का केला. नाथांच्या मनात व्याज नव्हते, वतन होते. कामवासना हे आपण काढलेले कर्ज नव्हे; ती ह्या शरीराच्या पेठेत पिढीजात हक्काने बसलेली आहे, असे त्यांना म्हणायचे असावे. दोन्ही अर्थ चांगले आहेत. पण दुसरा अधिक अवघड आहे, कारण कर्ज फेडता येते, वतन सुटत नाही.

हा एक शब्द निसटला म्हणून बिघडले काय, असे कोणी विचारील. मी त्या रात्रीनंतर ही अर्जदास्त पुन्हा काढून वाचली आणि माझी खात्री झाली, की सगळ्या रूपकाची खीळच ह्या भेदात आहे. त्यातली माणसे दोन गटांत पडतात. शेकदार आणि कारकून हे नेमणुकीचे. आज आहेत, उद्या बदली. मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, दंभाजी शेटे, कामाजी महाजन, क्रोधाजी नाईकवाडी हे सारे जागचे. त्यांचे आजे-पणजे त्याच मातीत गेले. गावोगावची जमीन कोणती, खरे पीक किती, कोणाची वहिवाट कोठवर, हे त्यांना तोंडपाठ. सरकारातून आलेल्या परक्या शेकदाराला ते विचारल्यावाचून कळायचे नाही, आणि विचारले तर खरे उत्तर मिळायचे नाही. दख्खनच्या सर्व शाह्यांना हे दुखणे होते. बहमनी गेली, निजामशाही आली, निजामशाही बुडाली, मोगल आले, देशमुख जागेवरच. राज्ये बदलली तरी वसूल त्याच्याच हातून जायचा.

आता नाथांनी जीवाला शेकदार केले आणि मनाला देशमुख केले, ह्याची मौज पाहा. आपण एरवी समजतो की शरीर माझे, मन माझे, मी धनी. नाथ म्हणतात, तू धनी नव्हेस. तू चार दिवसांच्या नेमणुकीवर आलेला अंमलदार. मन तुझ्या आधीपासून येथले वतनदार आहे आणि ते आपले काम परस्पर उरकून घेते. बुद्धी तुझ्या बाजूची खरी, पण ती कारकून. कारकुनाने लिहावे, वतनदाराला दटावणे त्याच्या आवाक्यातले नव्हे. शेकदार म्हणजे मालक आणि देशमुख म्हणजे नोकर अशी समजूत करून घेतली तर रूपक उलटे होते, आणि मी ऐकलेल्या बहुतेक विवरणांत ते उलटेच झालेले असते.

ममताई देशपांडिणीपाशी मात्र मी अडलो. देशपांडे हा परगण्याचा लेखनिक वतनदार, हिशेबाच्या वह्या त्याच्या घरी. ममतेला तो अधिकार देणे अचूकच आहे; हे माझे, ते माझे, हीच तिची वही. पण देशपांडे कोठे गेला? देशपांडीण म्हणजे देशपांड्याची बायको म्हणावी, तर नवऱ्याच्या नावावर तीच परगणा जेर करीत आहे असा खोचक अर्थ निघतो. विधवा म्हणावी, तर मुतालिकाकरवी वतन चालविणाऱ्या बायका जुन्या कागदांत सापडतात आणि मग त्यात विनोद काहीच उरत नाही. ममता हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून नुसती सोय पाहिली असेही म्हणता येईल. माझा कल पहिल्या अर्थाकडे आहे, पण आग्रह नाही.

नाथांना दफ्तराची ही भाषा इतकी कशी अवगत? त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते असे परंपरा सांगते, आणि शिष्य एकनाथ त्यांचे हिशेब पाहत असत. एका पैच्या चुकीसाठी रात्र जागून काढल्याची आणि चूक सापडताच टाळी वाजविल्याची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने शाळेत ऐकलेली असते. गोष्टीचा पुरावा मागू नये. पण जिच्यातून ती गोष्ट उगवली ती दफ्तराची हवा खरी आहे. नाथांचा काळ १५३३ ते १५९९. त्या शतकातला कारभारी मराठी कागद कसा असे, ह्याचा अंदाज राजवाड्यांनी पुढच्या शतकातल्या कागदावरून करून दिला आहे. त्यांनी १६२८ च्या एका पत्रातले शब्द मोजले, तो पाचांपैकी चारांहून अधिक फारसी निघाले. १७२८ च्या पत्रात हे प्रमाण दहांत एकाच्याही खाली आले. मधल्या काळात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला होता. म्हणजे पुण्याकडच्या श्रोत्याला अर्जदास्तीतले शब्द अठराव्या शतकातच थोडे परके वाटू लागले असतील.

मराठवाड्याचे तसे झाले नाही. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत दरबारी भाषा फारसी होती, तिच्या जागी उर्दू आली ती १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राहिली. पटवारी, गिरदावर, पेशकार, अव्वल तालुकदार, सर्फेखास, जागीर हे वाढोण्याच्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. अर्जदास्तीला येथे कोशाची गरज नव्हती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि पटवाऱ्याचा हळूहळू तलाठी झाला. कारभार मराठीत आला हे उत्तमच झाले. पण त्याच पावलाने नाथांची ही रचना, जी येथे साडेतीनशे वर्षे सरळ कळत होती, ती कूट होऊन बसली.

त्यातला ‘मजकूर’ हाच शब्द घ्या. परगणे मजकूर म्हणजे वर सांगितलेला परगणा. आज आपण वर्तमानपत्राचा मजकूर म्हणतो तेव्हा लिहिलेला ऐवज एवढेच मनात येते. जुना अर्थ आता पोलिसांच्या पंचनाम्यातच तग धरून आहे, ‘मजकूर इसम’ ह्या रूपात. त्या रात्री बुवा ह्या शब्दावरून सफाईने पुढे सरकले. पुढे वतनदारांना उद्देशून एक शिवी येते, तीही त्यांनी गाळली. खरे तर दफ्तरात ती शिवी नव्हती; मीठ खाऊन बेइमान झालेला एवढाच तिचा रोख. पण देवळात लेकीबाळी बसलेल्या, बुवांना दोष देववत नाही.

आणखी एक अर्थ अलीकडे ऐकू येतो, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ही अर्जदास्त म्हणजे परकी राजवटीविरुद्ध गुप्त बंडाचे गाणे, असे कोणी कोणी म्हणतात. हैदराबाद संस्थानात सभाबंदीचे ‘गश्ती निशाण ५३’ होते, लोक मोकळे बोलू शकत नव्हते. तेव्हा एखाद्या श्रोत्याने त्या दिवसांत ह्या गाण्यात स्वतःची तक्रार ऐकली असेल, हे मी सहज मानीन. ऐकणाऱ्याचा तो हक्कच आहे. पण ते रचणाऱ्याच्या माथी मारू नये. कागद कोणाचा आहे पाहा. तक्रार करणारा सरकारी नोकर आहे, तक्रार स्थानिक वतनदारांविरुद्ध आहे, आणि सरकारने कुमक पाठवावी अशी विनंती आहे. बंड करीत आहेत ते वतनदार! नाथ येथे सरकारच्या बाजूचे आहेत. त्यांचे सरकार पंढरपूरचे, एवढेच. मागितली आहे ती वरिष्ठांची हिमायत, म्हणजे पाठराखण. हा शब्द ज्या गावाच्या पाटीवर आहे तेथे बसून तो आठवला, ह्याचे मला थोडे हसू आले. नाथांनी अभयपत्र आणि ताकीदपत्र हेही दफ्तरी घाट घेऊन रचना केल्या आहेत. त्या ह्या अर्जदास्तीशेजारी ठेवून वाचाव्यात, म्हणजे लिखापढीचा सगळा व्यवहार ध्यानात येतो.

असो. त्या रात्री भारूड संपले आणि चहा फिरला, तेव्हा पटवारी घराण्यातले ते वृद्ध राहवेना म्हणून बुवांना महाजनाचा अर्थ सांगू लागले. बुवा भले माणूस. त्यांनी ऐकून घेतले, पण सावकार सोडायला ते तयार नव्हते. “लोकांना व्याज कळतं, वतन कोणाला कळणार?” असे ते म्हणाले आणि त्यात तथ्य होते. दोघांचे चालले असता मागून एक पन्नाशीचा शेतकरी पुढे सरकला. मंडळीत टाळ धरणाऱ्यांपैकीच तो होता.

“महाराज,” तो म्हणाला, “शेकदार आला, देशमुख आला, देशपांडीण बी आली. ह्याच्यात रयत कुठं हाय?”

बुवा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “रयत म्हणजे इंद्रिये. हात, पाय, डोळे. राबतात ती.”

“पर त्यांचं नाव घेतलं न्हाई नाथांनी.”

मी मनातल्या मनात सगळी अर्जदास्त फिरवून पाहिली. त्याचे म्हणणे मला खोडता येईना. सारा परगणा गांजला आहे एवढे कागदात येते. पण गांजलेल्यांपैकी एकाचेही नाव येत नाही. वतनदाराने अंमलदाराला नाडले, अंमलदाराने वर कळविले, आणि पेरणारा त्या दोघांच्या मध्ये कोठेतरी नुसता परगणा होऊन राहिला. गाथेच्या टीपांत हा प्रश्न मला कधी भेटला नव्हता.

वृद्धांनी उपरणे सारखे केले. “खऱ्या अर्जदास्तीतही रयतेचं नाव नसतंच,” ते म्हणाले. “तो कागद अंमलदारा-अंमलदारांमधला. रयतेचं नाव पाहणीपत्रकात.”

“हां,” शेतकरी म्हणाला, “तिथं हाय. आमच्या आज्याचं नाव चौपन्न-पंचावन्नच्या खासऱ्यात हाय. कूळ म्हणून.”

“तुझ्या आज्याचं नाव लिहिलं तेव्हा मी वडिलांच्या शेजारी बसलो होतो,” वृद्ध म्हणाले.

बुवांनी टाळ उचलले.