पाणमोटेचा पडदा

बाळ जन्मलं की मागून वार पडते. गावात ती आपण खड्डा करून पुरतो, दवाखान्यात ती कचऱ्यात जाते. त्या वारेबरोबर एक पातळ पडदा येतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. बाळ ज्या पाणमोटेत नऊ महिने राहिलं, तिचाच हा आतला पदर. आज आम्ही त्याची हकीकत सांगणार आहोत.

१९१० साली अमेरिकेतल्या डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी हा पडदा कातडीच्या जागी लावून पाहिला. तीनच वर्षांनी तो भाजलेल्या रुग्णांवरही वापरला गेला. कातडी जळली की अंगातलं पाणी पाझरत राहतं, वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही आणि जंतूंना दार उघडं मिळतं. पडदा लावला की आग कमी होते, ओल टिकते, आणि खालून नवी कातडी आली की तो आपसूक सुटतो. चूल, स्टोव्ह, पेटलेला पदर... भाजणाऱ्यांत आपल्या बाया किती, ते आम्ही तुम्हाला काय सांगावं!

मग हा उपाय गावोगाव का नाही पोचला? अडलं ते जंतूंपाशी. सुईणीची कात्री उकळता येते. पडदा उकळला तर अंड्यासारखा शिजतो, कामातून जातो. औषधी वायूची धुरी द्यावी, तर वायूचा अंश आत राहायची भीती. त्यात १९८०च्या दशकात एड्स आला, आणि एकीच्या अंगातलं दुसरीला लावायला डॉक्टरही कचरू लागले.

आपल्याकडे वाट निघाली ती अणुशक्तीच्या बाजूने. मुंबईत तुर्भ्याला १९७४ पासून आयसोमेड हे केंद्र आहे. तिथे कोबाल्टमधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी डॉक्टरी सामान निर्जंतुक करतात. १९८८ साली टाटा रुग्णालयात टिश्यू बँक सुरू झाली. आधी बाळंतिणीची परवानगी घ्यायची, तिचं रक्त तपासायचं, मगच पडदा घ्यायचा. तो धुऊन, सुकवून पाकिटात बंद करायचा आणि वर किरण सोडायचे. किरण पाकिटातून आरपार जातात, त्यामुळे नंतर कुणाचा हात लागत नाही. किरण लावलेला पडदा स्वतः किरण सोडत नाही, ही शंका मनातून काढा. बॅटरीचा उजेड भिंतीवर पडला म्हणून भिंत उजळत राहते का? आम्हाला यातली परवानगीची पायरी फार मोलाची वाटते. वार बाईची, तर होकारही तिचाच हवा.

आता प्लाझ्मा. ट्यूबलाइट पेटते तेव्हा नळीतल्या वायूत वीज खेळते. अशा विजेने भारलेल्या वायूला अमेरिकेच्या लँगम्यूर या शास्त्रज्ञाने १९२८ साली प्लाझ्मा हे नाव दिलं. जखम धुताना फेस येतो ते हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून असा प्लाझ्मा करणारी यंत्रं १९९०च्या दशकात रुग्णालयांत आली. ती पन्नास अंशांच्या आसपास काम करतात, म्हणजे चहापेक्षाही कोमट. दुर्बिणीसारखी नाजूक उपकरणं त्यात निर्जंतुक होतात. पण प्लाझ्मा वरवरच काम करतो, आणि शोषून घेणारी वस्तू पेरॉक्साइड पिऊन टाकते. हाडाच्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पोचायचं तर गॅमा किरणच लागतात. पातळ पडद्याला प्लाझ्मा पुरेल का आणि त्याचा चिवटपणा टिकेल का, हे प्रयोगशाळांत तपासणं चालू आहे.