विप्रोचा शेअर अर्धा झाला, तरी पैसे का बुडाले नाहीत?

आजची गोष्ट माझ्या फजितीपासून सुरू करतो.

3 डिसेंबर 2024. पातूरच्या बसस्टँडजवळ चहा घेता घेता मोबाइल उघडला. आदल्या दिवशी 580 च्या वर असलेला विप्रोचा शेअर 290 च्या आसपास दिसत होता! चुलतभाऊ म्हणाला, "बुडाले ना बाप्पा तुहे पैसे! इकून टाक लवकर." माझ्याकडे वीस शेअर होते, घाबरून सगळे विकले. थोड्या दिवसांनी पाहतो तर खात्यात पुन्हा वीस शेअर!

हे काय झालं, ते समजायला अमळनेरला जावं लागेल. अकोल्याहून रेल्वेनं भुसावळ, जळगाव ओलांडलं, की सुरतेच्या वाटेवर लागतं ते साने गुरुजींचं अमळनेर. तिथं महंमद हाशम प्रेमजी यांनी तेलाचा कारखाना काढला. डिसेंबर 1945 मध्ये कंपनी नोंदली गेली, नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. माल काय, तर सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि 787 नावाचा कपड्यांचा साबण. याच लांबलचक नावातून पुढं 'विप्रो' निघालं. 1966 मध्ये वडील गेले आणि 21 वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आले.

अमळनेरच्या अनेक घरांत या कंपनीचे शेअर होते. समजा, 1980 मध्ये कुणाकडे 100 रुपये दर्शनी किमतीचे 100 शेअर होते. 1981 ला एकास एक बोनस, झाले 200. 1985 ला 400. नंतर 100 रुपयांच्या शेअरचे दहा-दहाचे तुकडे झाले, वर पुन्हा बोनस, म्हणजे 8,000. असं करत करत 2010 पर्यंत 96 लाख! 2024 च्या बोनसनंतर 5 कोटी 12 लाख.

आता नीट ऐका. बोनस आणि तुकड्यांमुळे तो माणूस श्रीमंत झाला नाही. रोडग्याचे चार तुकडे केले काय नि आठ केले काय, रोडगा तेवढाच. बोनस सगळ्यांनाच मिळतो, म्हणून कंपनीतला त्याचा वाटा तेवढाच राहिला. रोडगा मोठा झाला तो धंद्यामुळे. कंपनी 80 च्या दशकात कॉम्प्युटरकडे आणि मग सॉफ्टवेअरकडे गेली, म्हणून.

मग रोडगा केवढा, हे मोजायचं कसं? अडतीवर सोयाबीनचा भाव कळला म्हणून शेतकऱ्याचे पैसे कळतात का? क्विंटल किती, तेही लागतं. इथंही तसंच. भागधारकांच्या हातात असलेले एकूण शेअर गुणिले एका शेअरचा भाव, म्हणजे कंपनीचं बाजारमूल्य, मार्केट कॅप.

त्या दिवशी विप्रोचे शेअर सुमारे 523 कोटींवरून 1,046 कोटी झाले, भाव अर्धा झाला. गुणाकार आधीही साधारण 3 लाख कोटी, नंतरही तेवढाच. माझे वाढीव वीस फक्त खात्यात यायचे होते.

उलट उदाहरण एमआरएफचं. जून 2023 मध्ये त्याच्या एका शेअरनं लाखाचा भाव ओलांडला. पण शेअर एकूण 42 लाखांच्या आसपास. गुणाकार सुमारे 42 हजार कोटी. म्हणजे 290 रुपयांची विप्रो ही लाखाच्या एमआरएफपेक्षा कितीतरी मोठी!

शेअरची संख्या कमीही होते. 2023 मध्ये विप्रोनं 445 रुपयांच्या भावानं सुमारे 27 कोटी शेअर परत विकत घेऊन रद्द केले. आणि कंपनीनं नवे शेअर दुसऱ्यांना विकले, तर जुन्यांच्या वाट्याची टक्केवारी घटते. बोनसमध्ये तसं होत नाही.

म्हणून व्हॉट्सॲपवर कुणी म्हणालं, "फक्त 8 रुपयाले भेटते, स्वस्त हाय, घे," तर आधी विचारा, "भाऊ, शेअर एकूण किती हायेत?" मी हे विचारलं असतं, तर वीस शेअर घाबरून विकले नसते.

भेटू पुढच्या भागात. राम राम!