ब्राउन मौंटनचे दिवे

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज पर्वताच्या पायथ्याशी, बर्क व कॉल्डवेल या काउंटींच्या सीमेवरील ब्राउन मौंटन या डोंगराच्या दिशेने रात्री दिसणारे प्रकाश. डोंगराची उंची सु. ८०० मी.; माथा लांबट व जवळजवळ सपाट. खडक क्रॅनबेरी ग्रॅनाइट हा या भागातील नेहमीचाच. दिवे एकेक किंवा दोन-तीन मिळून, पिवळसर ते तांबूस रंगाचे दिसतात. मोठे होऊन विझतात, असे पाहणारे सांगतात.

आख्यायिका : चेरोकी व कटॉबा जमातींच्या लढाईशी दिव्यांचा संबंध जोडला जातो, जुना लेखी आधार नाही.

१९१३ मध्ये शार्लट ऑब्झर्व्हर या दैनिकाने वृत्त छापल्यावर दिव्यांचा बोलबाला झाला. त्याच वर्षी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे डी. बी. स्टेरेट पाहणीला आले. कटॉबा खोऱ्यातून पश्चिमेकडे जाणाऱ्या आगगाड्यांच्या इंजिनांचे दिवे, असा निर्वाळा त्यांनी दिला. जुलै १९१६ च्या महापुराने लोहमार्ग वाहून गेले, गाड्या थांबल्या, तरी दिवे दिसतच राहिले. स्थानिकांचा हा आक्षेप रास्त होता व तो सर्वेक्षण संस्थेपर्यंत पोचला.

मॅन्सफील्ड यांची पाहणी : मार्च-एप्रिल १९२२ मध्ये याच संस्थेचे जॉर्ज आर. मॅन्सफील्ड येथे आले. दिव्यांच्या आजवरच्या शोधातील सर्वांत मोलाचे काम हेच. त्यांनी जिंजरकेक, ब्लोइंग रॉक इ. ठिकाणांहून रात्री निरीक्षणे केली. प्लेन टेबलावर नकाशा पसरायचा, तो दिशेला लावून घ्यायचा, दिवा दिसताच दुर्बीण बसवलेल्या अ‍ॅलिडेड या पट्टीने त्यावर नेम धरायचा आणि पट्टीच्या कडेने नकाशावर रेघ ओढायची, अशी पद्धत. रेघ डोंगरावर थांबत नसे. ती पुढे खोऱ्यातील रस्त्यांवर, लोहमार्गांवर व गावांवर जाई. म्हणजे दिवा डोंगरावर नसून डोंगरापलीकडे होता. रात्री अंतराचा अंदाज डोळ्यांना येत नाही, ही उणीव रेघेने भरून काढली. पाहिलेल्या दिव्यांपैकी ४७ टक्के मोटारींचे, ३३ टक्के इंजिनांचे, १० टक्के स्थिर दिव्यांचे व १० टक्के झुडपे जाळण्याच्या आगींचे, असा हिशेब त्यांनी मांडला. स्टेरेट यांनी सर्व दिव्यांना एकच कारण दिले होते. मॅन्सफील्ड यांनी दिवा न् दिवा वेगळा तपासला, आणि महापुराचे कोडे त्यामुळेच सुटते.

दिवे फुगतात, तांबूस होतात याचे कारण त्यांनी हवेत शोधले. खोरे चहूबाजूंनी वेढलेले. रात्री उतारांवरून गार हवा खाली सरकते, वेगवेगळ्या घनतेचे थर बनतात व प्रकाश वळतो. धूळ व धुके तो पसरवून तांबूस करतात. दलदलीतील वायू, किरणोत्सारी खनिजे, चोरट्या दारूच्या भट्ट्या, सेंट एल्मोचा अग्नी या शक्यता त्यांनी हसण्यावारी नेल्या नाहीत. त्या एकेक तपासल्या आणि मगच बाजूला ठेवल्या. अहवाल १९७१ मध्ये परिपत्रक क्र. ६४६ म्हणून पुन्हा प्रसिद्ध झाला.

ही टक्केवारी मॅन्सफील्ड यांना दिसलेल्या दिव्यांपुरतीच आहे. मोटारी येण्यापूर्वीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दर्शनांना दिशा, वेळ वा कोनाची नोंद नाही, त्यामुळे ती सिद्धही होत नाहीत आणि खोडताही येत नाहीत. अ‍ॅपलॅचियन स्टेट विद्यापीठाचे डॅनियल केटन यांनी अलीकडे डोंगराकडे रोखलेले कॅमेरे बसवून रात्रीची चित्रे घेतली. बहुसंख्य दर्शने माणसांच्याच दिव्यांची, पण जवळून पाहिल्याच्या थोड्या हकिकतींमागे गोलकरूप वीज असू शकेल, असे त्यांचे मत आहे. ते सर्वमान्य नाही.

तुलनीय स्थळे : मार्फा (टेक्सस) व पॉल्डिंग (मिशिगन) येथील दिवे विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत महामार्गावरील मोटारींचे ठरले. नॉर्वेतील हेसडालेन खोऱ्यात १९८४ मध्ये उपकरणांसह पाहणी झाली व १९९८ पासून स्वयंचलित केंद्र आहे. तेथील काही नोंदींचा उलगडा झालेला नाही.