जुनं लाकूड, नवं कपाट: पार्टिकल बोर्डमध्ये नेमकं काय असतं?

परभणी जिल्ह्यात जुनं माळवदाचं घर पाडलं की लाकूड सहसा वाया जात नाही. चांगल्या तुळया, चौकटी नव्या घराला लागतात, उरलेलं सरपणात जातं. कारखान्यांत टाकाऊ लाकूड, पॅलेट आणि भुशाचा चुरा करून, तो चिकट रसायनात दाबून पार्टिकल बोर्ड बनवतात. किचन ट्रॉली, वॉर्डरोब, पार्टिशनला तोच वापरला जातो. यामुळे झाडं वाचतात. पण त्या लाकडाला आधी काय लावलं होतं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

जुन्या लाकडात काय असू शकतं?

शिसं: भारतात घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या दार-खिडक्यांच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे.

आर्सेनिक: वाळवी लागू नये म्हणून काही लाकडांना तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण देतात. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ अखेर थांबवण्यात आलं.

क्रिओसोट: रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरना हे काळं, उग्र वासाचं तेल पाजलेलं असतं. असं लाकूड घरात वापरू नये.

नवा बोर्ड तरी सुरक्षित असतो का?

बोर्डाच्या चिकट रसायनातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवलं. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. परभणीचा उन्हाळा चाळिशीपार जातो, त्यामुळे नवं फर्निचर असलेली खोली बंद ठेवू नका.

मग काय करायचं?

जर्मनीत टाकाऊ लाकडाचे चार वर्ग करतात आणि घातक लाकूड बोर्डापासून दूर ठेवतात. आपल्याकडे ही काळजी आपणच घ्यायची. बोर्ड घेताना आयएस ३०८७ आणि ई-१ हे शिक्के बघा. बोर्डाच्या कापलेल्या कडा लॅमिनेट किंवा पट्टीनं बंद करायला मिस्त्रीला सांगा. जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून खरवडा, तोंडाला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंगवलेलं लाकूड किंवा बोर्डाचे तुकडे चुलीत, बंबात जाळू नका. जाळल्यानं शिसं आणि आर्सेनिक नष्ट होत नाही. ते धुरात आणि राखेत उतरतं, आणि तीच राख आपण भांडी घासायला वापरतो.