मधले सात दिवस

उमरखेडची वस्ती विरळ होते तिथे, पत्र्याच्या एका आडोशात तुम्ही उकिडवे बसला आहात. समोरची डुकरीण उठायचं नाव घेत नाही. उठवली की गुडघ्यांवर सरकते, कळवळून ओरडते. मागच्या खुराची कड कातड्यापासून सुटत आलीय, नाकाडावर फोड. लाळ्या-खुरकूत. काल दूध पिणारी तिची तीन पिल्लं अंगावर फोड नसतानाच गेली. कोवळ्या पिल्लांत या रोगाचा विषाणू थेट काळीज धरतो.

"बाकीच्यायले आज सुई देली तं वाचतीन का बापा?" म्हातारी विचारते.

लस आज टोचली तरी अंगात ताकद यायला आठवडा जातो. विषाणू दोन-तीन दिवसांत गाठतो.

मधले दिवस कसे निभवायचे? त्यासाठी चला मागे. १९५७, लंडनची मिल हिल प्रयोगशाळा. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे, तापवून मारलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत, नळीत ठेवतात. मग तुकडे काढून उरलेलं पाणी ताज्या पडद्याला देतात. त्यावर जिवंत विषाणू सोडला, तर तो वाढेना! बाधलेल्या पेशींनी शेजारणींना सांगावा धाडलेला असतो: दारं लावून घ्या. त्या सांगाव्याचं नाव इंटरफेरॉन.

आता २००० नंतरची पहिली वर्षं, न्यूयॉर्क राज्यातल्या प्लम बेटावरची जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा. इथून आंघोळ केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. खुरकुतीचा विषाणू लबाड. त्याचं एक प्रथिन पेशीचं तोंडच दाबतं, सांगावा निघूच देत नाही. म्हणून मार्विन ग्रबमन यांच्या गटानं तो सांगावा बाहेरून पोचवला. डुकराच्याच इंटरफेरॉनचं जनुक, वाढू न शकणाऱ्या ॲडिनोव्हायरसच्या पाठीवर. आज सुई, उद्या खुरकुतीचा विषाणू. तुम्ही डुकराच्या खुराची कड बोटानं चाचपता. घट्ट आहे. हा पहारा थोड्याच दिवसांचा, म्हणून सोबत लसही. पण ते मधले दिवस निभावतात.

परत उमरखेड. २०१९ च्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात डुकरंही आहेत, पण ही दुसरी सुई इथे मिळत नाही. ती यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आजारी डुक्कर श्वासातून गायीच्या कितीतरी पट विषाणू सोडतं. त्याला वाचवलं तर शेजारच्या दावणीचे बैलही वाचतात.

म्हातारी धडधाकट डुकरं पलीकडे हाकते. तुम्ही बादलीत धुण्याचा सोडा कालवता आणि आडोशाच्या तोंडाशी ओतता.