साठ्याभोवतीची हद्द : देहूरोड, युद्धकाळाचे कायदे आणि नागरिक

पिंपरी-चिंचवडचा अर्वाचीन इतिहास बहुधा 1954 च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सांगितला जातो. परंतु पवनाकाठच्या या पट्ट्यावर युद्धकालीन शासनाची छाया त्याआधीच पडली होती. मुंबई-पुणे लोहमार्ग आणि खडकीचा दारूगोळा कारखाना जवळ असल्याने देहूरोडला लष्करी साठ्यांचे डेपो वसले. दुसऱ्या महायुद्धाच्या त्याच काळात भारत संरक्षण कायदा, 1939 खालील नियमांनी सरकारला दोन असाधारण अधिकार दिले होते : नियम 75-अ अन्वये कोणतीही मालमत्ता अधिग्रहित करणे, म्हणजे मालकाच्या संमतीवाचून ती सरकारी कामासाठी घेणे, आणि नियम 26 अन्वये एखाद्यास स्थानबद्ध करणे, म्हणजे घडलेल्या गुन्ह्यासाठी नव्हे, तर तो पुढे घातक कृत्य करील या अंदाजावर, खटल्याविना डांबून ठेवणे.

सरकारची भीती निराधार नव्हती. 24 जानेवारी 1943 रोजी पुणे लष्कर भागातील कॅपिटॉल चित्रपटगृहात झालेल्या स्फोटांची सामग्री सरकारी दारूगोळ्यातूनच बाहेर काढलेली होती, आणि त्या खात्यात नोकरीस असलेल्या भास्कर कर्णिकांनी अटकेनंतर फरासखाना पोलीस चौकीत विष घेऊन प्राण दिला. तरीही तीनच महिन्यांनी, मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात, सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या संघ न्यायालयाने नियम 26 बेकायदा ठरवला. मूळ कायद्याने स्थानबद्धतेसाठी वाजवी संशयाची अट घातली होती, तर नियमाला सरकारचे नुसते समाधान पुरत होते. व्हाइसरॉयने आठवडाभरातच वटहुकूम काढून कायदाच दुरुस्त केला आणि पूर्वीच्या आदेशांनाही संरक्षण दिले, त्यामुळे न्यायालयातील हा विजय बराचसा कागदावरच राहिला.

स्वतंत्र भारताने हीच चौकट फारशी न बदलता उचलली. चीनशी लढाई महिनाभरात थांबली, पण 26 ऑक्टोबर 1962 ची आणीबाणी 10 जानेवारी 1968 पर्यंत चालली, आणि याच वर्षांत औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत या भागात आकार घेत होती. या आणीबाणीतील भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले आणि ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. सप्टेंबर 1965 मध्ये, पाकिस्तानशी युद्ध पेटलेले असताना, सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. स्थानबद्धाचे जे हक्क नियमांनी काढून घेतलेले नाहीत ते त्याच्यापाशीच राहतात, असा त्या निकालाचा आशय आहे. पुस्तक अणूविषयी होते, ही गोष्ट युद्धकाळातील सरकारी संशयाबद्दल पुरेसे सांगते.

माणसाला निदान न्यायालयाची वाट होती, आणि आणीबाणीला कधी ना कधी शेवट होता. जमिनीच्या बाबतीत तसे झाले नाही. देहूरोडच्या साठ्याभोवतीचे निर्बंध युद्धकाळाच्या नियमांवर नव्हे, तर संरक्षण बांधकामे कायदा, 1903 वर उभे आहेत, आणि त्यांना युद्धाच्या घोषणेची गरज नाही तशीच समाप्तीचीही नाही. या कायद्यानुसार अधिसूचित हद्दीत, जी बाहेरच्या तटापासून कमाल 2000 यार्ड, म्हणजे सुमारे 1830 मीटर, असू शकते, लष्करी अधिकाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय इमारत वा भिंत बांधता येत नाही, जमिनीची पातळी बदलता येत नाही आणि दगड, विटा, वाळू यांचे ढीगही रचता येत नाहीत. मात्र शेणखत आणि शेतमाल यांना सूट देता येते. कायदा रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेतकरी होता, कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार नव्हता. तळवडे, रुपीनगर, किवळे या भागांत कामगारांनी गुंठ्यागुंठ्याने जागा घेऊन घरे बांधली, आणि या निर्बंधित हद्दीसाठी रूढ झालेला 'रेड झोन' हा शब्द स्थानिक निवडणुकांच्या जाहीरनाम्यांत कायमचा येऊन बसला.

हद्दीला कारण नाही असे कोणी म्हणू शकत नाही. 31 मे 2016 रोजी वर्ध्याजवळच्या पुलगाव दारूगोळा डेपोतील आगीने ते पुन्हा दाखवले. पण 1903 च्या त्याच कायद्यात, निर्बंधांमुळे ज्याचे नुकसान होईल त्याला भरपाई ठरवून देण्याची सविस्तर पद्धतही आहे. या पट्ट्यात बांधकामबंदीचे कलम घराघरांत तोंडपाठ झाले, भरपाईची कलमे मात्र क्वचितच कोणाच्या बोलण्यात येतात.